टक्केवारीचा मथळा करण्याआधी: मराठी संपादकांना खुलं पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी बहुतेक पहिल्या पानांवर तीच तीन विधानं असतात: कोकण अव्वल, अमुक विभाग तळाला, मुलींची पुन्हा बाजी. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. कोकण ९८.८२ टक्क्यांवर होतं, नागपूर ९०.७८ वर. हे आकडे बरोबर आहेत आणि ते छापण्यात काही गैर नाही. गडबड पुढे होते. आकड्यानंतर हळूच एक निष्कर्ष येऊन बसतो: तिथल्या शाळा चांगल्या, इथल्या वाईट, तिथली मुलं अभ्यासू, इथली मागे. तो निष्कर्ष त्या आकड्यात नसतो. तो काढायचा असेल तर आधी आकड्याच्या आत कोण कोण आहे हे पाहावं लागतं, आणि ते पाहण्याची सवय आपल्या बातमीदारीला लागलेली नाही, म्हणून हे पत्र.

आधी त्या ९४.१० टक्क्यांकडेच पाहू. हा निकाल नियमित विद्यार्थ्यांचा आहे. परीक्षेला बसलेले नियमित विद्यार्थी १५,४६,५७९, त्यांपैकी उत्तीर्ण १४,५५,४३३. खासगी विद्यार्थी आणि पुनर्परीक्षार्थी यांचे आकडे मंडळ त्याच पत्रकात वेगळे देतं. पुनर्परीक्षार्थींची टक्केवारी खूपच खाली असते, पण ती मथळ्यात येत नाही. आता हे आणि काही शाळांमध्ये नववीच्या शेवटी जे घडतं ते शेजारी ठेवून पाहा. गणितात कच्च्या वाटणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलावून घेतात आणि ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा (म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बसवा), त्याच्यावर ताण नको’ असं समजावतात. मूल त्याच गावात राहतं, तीच परीक्षा देतं, पण शाळेच्या निकालातून ते बाहेर गेलेलं असतं. जूनमध्ये शाळेच्या फाटकावर ‘निकाल १०० टक्के’ असा फलक लागतो. तुमच्या तालुका वार्ताहराला हे ठाऊक आहे. त्याने पाठवलेल्या बातमीत मात्र फलकावरचाच आकडा असतो, कारण त्याच्याकडे तेवढाच मागितला जातो.

शंभर टक्क्यांचीच आणखी एक बाजू आहे. २०२५ मध्ये राज्यातल्या २३ हजारांहून अधिक शाळांपैकी साडेसात हजारांहून अधिक शाळांनी शंभर टक्के निकाल लावला. या यादीत लहान शाळा भरपूर दिसतात, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. प्रत्येक मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता सगळीकडे सारखीच, ९४ टक्के धरा. पंधरा मुलं बसवणाऱ्या शाळेत सगळीच्या सगळी पास होण्याची शक्यता साधारण ४० टक्के येते. दीडशे मुलांच्या शाळेत तीच शक्यता दहा हजारांत एक इतकी उरते. शिकवणं सारखं, मुलं सारखी, तरी एकीच्या वाट्याला दर दोन-तीन वर्षांनी पेढे येतात आणि दुसरीच्या वाट्याला कधीच नाहीत. ‘शून्य टक्के निकालाच्या शाळा’ या दुसऱ्या यादीतही लहान शाळाच भरलेल्या असतात, कारणही तेच. तिथे तर शिक्षकांची नावं घेऊन त्यांची बदनामी होते. ही यादी छापताना प्रत्येक शाळेपुढे किती मुलं बसली होती एवढा एक रकाना द्या, मी यापेक्षा जास्त काही मागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कागदावरचं एक उदाहरण घेऊ. दोन शाळा, दोन्हींकडे दोनशे-दोनशे मुलं. पहिल्या शाळेत १६० मुलांचे आईवडील शिकलेले आहेत आणि ४० मुलं घरातली पहिलीच शिकणारी आहेत. पहिल्या गटातली १५२ पास झाली, म्हणजे ९५ टक्के. दुसऱ्या गटातली २८, म्हणजे ७० टक्के. एकूण १८०, निकाल ९० टक्के. दुसऱ्या शाळेत प्रमाण उलटं: शिकलेल्या घरांतली ४०, पहिल्या पिढीतली १६०. पहिल्यांपैकी ३९ पास, साडेसत्त्याण्णव टक्के. दुसऱ्यांपैकी १२४, साडेसत्याहत्तर टक्के. एकूण १६३, निकाल साडेएक्याऐंशी टक्के. दोन्ही गटांत दुसरी शाळा पुढे आहे. शिकलेल्या घरातलं मूल असो की ऊसतोड कामगाराचं, ते दुसऱ्या शाळेत घातलं तर पास होण्याची शक्यता जास्त. एकूण निकालात मात्र तीच शाळा साडेआठ टक्क्यांनी मागे, आणि तुमच्या यादीत तीच खाली.

बेरजेत चूक नाही. दोन शाळांमध्ये मुलांचं मिश्रण वेगळं आहे, आणि ज्या घटकाने ते वेगळं झालं त्याच घटकाचा निकालावरही परिणाम होतो. ही दोन्ही जिथे एकत्र येतात तिथे एकत्रित टक्केवारी तुलनेच्या कामाची राहत नाही. कधी ती फरक फुगवते, कधी लपवते, आणि कधी दिशाच उलटी करते. दिशा उलटण्याच्या या प्रकाराला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांचा लेख १९५१ चा, पण उडनी यूल यांनी ही गोष्ट १९०३ मध्येच दाखवली होती. सव्वाशे वर्षं जुनं ज्ञान आहे हे, आणि त्याला बेरीज-भागाकारापलीकडचं गणित लागत नाही.

प्रत्यक्षात घडलेलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथलं आहे. १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांसाठी ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले, ४४ टक्के निवडले गेले. स्त्रियांचे अर्ज ४,३२१, निवड ३५ टक्के. नऊ टक्क्यांचा फरक, तोही इतक्या मोठ्या संख्येत. हा योगायोग असू शकत नाही आणि नव्हताच. पीटर बिकेल, यूजीन हॅमेल आणि विल्यम ओ'कॉनेल यांनी मग शाखावार आकडे काढले. विद्यापीठात प्रवेशाचा निर्णय प्रत्येक शाखा स्वतंत्रपणे घेते, तेव्हा पक्षपात असेल तर तो कुठल्या तरी शाखेत सापडला पाहिजे. सर्वांत मोठ्या सहा शाखांपैकी पहिलीत ८२५ पुरुषांपैकी ६२ टक्के घेतले गेले आणि १०८ स्त्रियांपैकी ८२ टक्के. दुसरीत पुरुष ६३, स्त्रिया ६८ टक्के. तिसरीत पुरुष किंचित पुढे, ३७ विरुद्ध ३४. चौथीत ३३ विरुद्ध ३५. पाचवीत २८ विरुद्ध २४. सहावीत दोघांचेही हाल: पुरुष ६ टक्के, स्त्रिया ७.

मग नऊ टक्के आले कुठून? पहिल्या दोन शाखांत प्रवेश सोपा होता, आणि तिथे स्त्रियांचे अर्ज अवघे १०८ आणि २५. उरलेल्या चार शाखांत, जिथे बहुतेकांना नकारच मिळत होता, स्त्रियांचे अर्ज सतराशेच्या वर. दार अरुंद असलेल्या शाखांकडेच स्त्रिया जास्त संख्येने गेल्या होत्या. संशोधकांनी हे धरून हिशोब केला तेव्हा शाखांच्या पातळीवर झुकाव असलाच तर थोडासा स्त्रियांच्याच बाजूने निघाला.

इथे थांबणारे खूप आहेत. ‘पाहा, पक्षपात नव्हताच’ असं म्हणून ते उदाहरण संपवतात. मूळ निबंध इथे थांबत नाही. स्त्रिया अरुंद दाराच्या शाखांकडेच का गेल्या, हा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला आणि उत्तराची दिशाही दाखवली: शाळेपासून मुलींना गणितापासून दूर नेणारं शिक्षण आणि संगोपन, आणि त्यामुळे त्यांच्या वाट्याला येणारी गर्दीची, कमी पैसा मिळणारी क्षेत्रं. म्हणजे अन्याय नाहीसा झाला नाही. तो प्रवेश समितीच्या टेबलावर सापडला नाही, तो आधीच्या पंधरा वर्षांत होता. आकड्याची फोड केली की बातमी मरते अशी भीती वृत्तकक्षात असते, असं मी ऐकलं आहे. बर्कलीत फोड केल्यावर बातमी मोठी झाली आणि जिथे जायला हवी होती तिथे गेली.

म्हणूनच ‘मुलींची बाजी’ हा मथळा मला अपुरा वाटतो. २०२५ मध्ये मुली ९६.१४ टक्के, मुलगे ९२.३१. आनंदच आहे. पण परीक्षेला बसलेल्या मुलींची संख्या मुलांपेक्षा लाखाच्या घरात कमी असते. त्यात जन्माच्या वेळचं मुलामुलींचं प्रमाण किती कारणीभूत, सातवी-आठवीनंतर शाळा सुटणं किती आणि लवकर लग्न होणं किती? ज्या घरात मुलगी दहावीपर्यंत टिकते ते घर आणि ज्या घरात मुलगा टिकतो ते घर, यांचं मिश्रण सारखं आहे का? मुली खरोखर जास्त अभ्यास करतात हे वर्गात शिकवणाऱ्या कुणालाही मान्य होईल, मलाही. तरी परीक्षेपर्यंत न पोहोचलेली मुलगी त्या ९६ टक्क्यांच्या छेदातही नाही आणि अंशातही नाही. तिच्यावर बातमी कधी करायची, तर निकालाच्याच दिवशी. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र वाचत असतो.

कोकण आणि मुंबईचंही तसंच. कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे, दहावीला बसणारी मुलं तीस हजारांच्या आत. मुंबई विभागात मुंबईसह ठाणे, रायगड आणि पालघर, मुलं तीन लाखांच्या वर. त्या तीन लाखांत दादरच्या जुन्या शाळेतलं मूल आहे, गोवंडीतलं आहे आणि मोखाड्याच्या आश्रमशाळेतलंही. कोकणातल्या शिक्षकांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. ते पहिले असतील तर खरोखर पहिले असतील. पण ते कळण्यासाठी कोकणातल्या मुलाची तुलना त्याच्यासारख्याच घरातल्या, तेवढ्याच वर्गसंख्येच्या शाळेतल्या मुंबई विभागातल्या मुलाशी करावी लागेल. दोन विभागांच्या सरासऱ्या एकाखाली एक छापून ते कळणार नाही.

क्लासच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. ‘आमच्या शंभरांपैकी इतके “नीट” उत्तीर्ण’ असा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेबद्दलचा, दावा करणारे क्लास प्रवेशालाच चाचणी घेतात. राज्यभरातून आधीच पुढे असलेली मुलं निवडून घेतली तर निकाल पुढेच असणार. लातूर पॅटर्नच्या यशात तिथल्या शिस्तीचा आणि शिक्षकांचा वाटा आहेच, पण गेल्या कित्येक वर्षांत परभणी, नांदेड, बीड, अगदी विदर्भातूनही मुलं तिथे मुद्दाम जाऊन राहतात, हाही त्या निकालाचा भाग आहे. जाहिरात विभागाला मी काही सांगू शकत नाही. बातमी विभागाने तरी जाहिरातीतला आकडा बातमीत घेऊ नये.

निकालात चुकीच्या तुलनेने अब्रू जाते. आरोग्याच्या आकड्यांत जीव जातात. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही.

हजार लोकांमागे वर्षाला किती मृत्यू, या ढोबळ मृत्युदराने पाहिलं तर केंद्र सरकारच्या २०२० च्या जन्ममृत्यूंच्या नमुना नोंदणीनुसार केरळ सुमारे ७ वर होतं आणि बिहार साडेपाचच्या आसपास. या एका आकड्यावर बोट ठेवून केरळच्या आरोग्यव्यवस्थेला नावं ठेवणारे लेख लिहिता येतील. त्याच वर्षी हजार जन्मांमागे केरळमध्ये ६ अर्भकं दगावली, बिहारमध्ये २७. आयुर्मानही केरळचंच जास्त. ढोबळ दरात घोळ झाला तो वयाने: केरळमध्ये साठीपुढची माणसं सुमारे १६ टक्के, बिहारमध्ये त्याच्या निम्म्याने. केरळात माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात, म्हणून तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत, आणि म्हातारी माणसं जास्त मरतात. चांगल्या आरोग्यसेवेनेच तो दर वाढवला. जिल्हावार मृत्युदराचे तक्ते छापताना सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या बाबतीत हे विसरू नका. तरुण मुंबईला जातात आणि आजीआजोबा गावी राहतात.

वयाचा हाच घोळ इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या व्हिकहॅम इथे सापडला. १९७२ ते ७४ मध्ये पाहणी झालेल्या १,३१४ स्त्रियांची वीस वर्षांनी माहिती घेतली. धूम्रपान करणाऱ्यांपैकी २४ टक्के वारल्या होत्या, न करणाऱ्यांपैकी ३१. सिगारेट कंपनीने छापावा असा निकाल. पण सुरुवातीलाच पासष्टीपुढे असलेल्या स्त्रिया न ओढणाऱ्यांत २६ टक्के होत्या, ओढणाऱ्यांत जेमतेम ८. त्या पिढीत बायका फारशा सिगारेट ओढत नसत. पंचावन्न ते चौसष्ट या एकाच वयोगटात पाहिलं तर ओढणाऱ्यांपैकी ४४ टक्के गेल्या होत्या, न ओढणाऱ्यांपैकी ३३.

आणि करोना. १५ ऑगस्ट २०२१ ला इस्रायलमध्ये गंभीर आजारी असलेल्या ५१५ रुग्णांपैकी ३०१ जणांचं लसीकरण पूर्ण झालेलं होतं. ‘रुग्णालयातले निम्म्याहून अधिक लसवंत’ हे वाक्य खरं होतं आणि जगभर फिरलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जेफ्री मॉरिस यांनी सरकारचेच आकडे उकलून दाखवले. पन्नाशीपुढच्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी लस घेतलेली होती. न घेतलेले बहुतेक तरुण, आणि तरुणांना गंभीर आजार मुळातच कमी. एकत्रित हिशोबात गंभीर आजारापासून लशीचं संरक्षण ६७.५ टक्के दिसत होतं. पन्नाशीच्या आत ते ९१.८ निघालं, पन्नाशीपुढे ८५.२. दोन्ही गटांत पंच्याऐंशीच्या वर, आणि दोन्ही एकत्र केले की सदुसष्ट! ज्या घरातल्या आजोबांनी ते खरं वाक्य वाचून दुसरा डोस टाळला, त्यांना खोटं कुणी सांगितलं असं म्हणता येणार नाही. त्यांना अर्धं सांगितलं गेलं.

रुग्णालयांच्या बातम्यांत छुपा घटक असतो तो आजाराच्या तीव्रतेचा. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये मूतखड्यावरच्या उपचारांची तुलना प्रसिद्ध झाली. पोट उघडून केलेल्या ३५० शस्त्रक्रियांपैकी २७३ यशस्वी, ७८ टक्के. पाठीला लहान छेद देऊन नळीवाटे खडा काढण्याच्या नव्या पद्धतीच्या ३५० पैकी २८९, ८३ टक्के. नवी पद्धत चांगली? लहान खड्यांत जुनी ९३ टक्के, नवी ८७. मोठ्या खड्यांत जुनी ७३, नवी ६९. डॉक्टर अवघड रुग्णांना जुन्या पद्धतीकडे पाठवत होते, म्हणून एकूण आकडा तिच्या विरुद्ध गेला.

आपल्याकडे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाचं असंच होतं. खासगी दवाखान्यात पैसे संपले की, किंवा रुग्ण हाताबाहेर गेला की, त्याला तिकडे पाठवतात. मृत्यूची नोंद शेवटच्या खाटेवर होते. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ तान्ही बाळं होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तुम्ही ती बातमी लावून धरलीत हे योग्यच झालं. पण त्या बातमीला आणखी काही आकडे हवे होते: तिथे एरवी रोज किती मृत्यू होतात, दाखल किती होतात, त्यांतले बाहेरून पाठवलेले किती, ते कोणत्या अवस्थेत आले, आणि नवजात कक्षात एका परिचारिकेकडे किती बाळं होती. या आकड्यांनी रुग्णालयाची जबाबदारी कमी झाली असती की वाढली असती हे आधी सांगता येत नाही. दोन्ही शक्य आहे. फोड मागणं म्हणजे कुणाला सोडवणं असं समजू नका. चोवीस या एका आकड्यावर प्रशासनाला ‘सगळे गंभीर होते’ असं म्हणून सुटता येतं आणि विरोधकांना काहीही म्हणता येतं. फोड समोर असती तर दोघांनाही उत्तर द्यावं लागलं असतं.

फोड न केल्याने काय झाकलं जातं याचं आपल्या राज्यातलं सर्वांत कडू उदाहरण जुना ठाणे जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाख. दरडोई उत्पन्नात राज्यातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत. त्याच जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा होते, जिथल्या वावर-वांगणी या गावांचं नाव १९९२ मध्ये कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे सगळ्या राज्याला कळलं. ठाणे, कल्याण, मीरा-भाईंदरच्या लाखो लोकांच्या सरासरीत जव्हार दिसणं शक्यच नव्हतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि वेगळ्या रकान्यात आकडे येऊ लागले. तिथली परिस्थिती वेगळ्या रकान्याने सुधारत नाही, पण निदान दिसते तरी. आजही पालघरच्या सरासरीत वसई-विरार आहे. तालुक्याचा आकडा मागितल्याशिवाय मोखाडा पुन्हा दिसेनासा होतो.

गटाच्या आकड्यावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढण्यात काय होतं हे समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं. ज्या राज्यांत परदेशातून आलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. माणसांच्या पातळीवर पाहिलं तर परदेशातून आलेल्यांत निरक्षरता जास्त होती. स्थलांतरित मुळात शिकलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. ‘अमुक तालुक्यात अमुक समाज जास्त आणि तिथे गुन्हे जास्त’ अशी बातमी पुढे आली तर रॉबिन्सन आठवा. तालुक्याच्या दोन आकड्यांवरून गुन्हा कुणी केला हे सांगता येत नाही, आणि अशा बातमीची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते.

सरासरीच्या आत काय दडलं आहे हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. पुण्यात परतल्यावर त्यांचा आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांचा भुकेच्या मोजमापावरून मोठा वाद झाला. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी ही रेषा धरून दारिद्र्य मोजलं होतं. सुखात्मे यांचं म्हणणं असं की निरोगी माणसाची गरज आणि खाणं हे दोन्ही बदलत असतं, तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक माणूस उपाशी धरला तर उपासमारीचा आकडा फुगतो. दांडेकरांना ते पटलं नाही. गरिबाचं कमी खाणं हे शरीराचं जुळवून घेणं म्हणून सोडून देणं त्यांना धोक्याचं वाटलं. माझा कल या वादात दांडेकरांकडे आहे. पण दोघांनीही एक आकडा घेऊन त्याच्या आत शिरण्याचं काम वर्षानुवर्षं केलं, लेख लिहून, सगळ्यांसमोर. इतका चांगला वाद आपल्या मातीत झालेला असताना टक्केवारी उचलून मथळ्यात टाकणं आपल्याला शोभत नाही.

एक इशारा मात्र मला द्यायलाच हवा, नाहीतर हे पत्र अपुरं राहील. फोड केली की सत्य हाती येतंच असं नाही. चुकीच्या घटकाने फोड केली तर ती स्वतःच फसवते. जेकब येरुशाल्मी यांनी १९७१ मध्ये दाखवलं की कमी वजनाच्या नवजात बाळांपुरतं पाहिलं तर धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळं इतरांपेक्षा कमी दगावतात. धूम्रपानाने बाळ वाचतं असा याचा अर्थ मुळीच नाही. धूम्रपानामुळेच बाळाचं वजन कमी होतं. न ओढणाऱ्या आईचं बाळ कमी वजनाचं निघालं तर त्यामागे बहुधा दुसरं, जास्त घातक कारण असतं, जसं जन्मजात व्यंग. वजन हा कारणाचा परिणाम आहे, आणि परिणामाने गट पाडले की तुलना वाकडी होते. म्हणून फोड कशाने करायची हे गणित सांगत नाही; गोष्ट कशी घडते हे माहीत असावं लागतं. ज्या घटकाने गट पाडायचे तो घटनेच्या आधीचा आहे की नंतरचा, एवढा प्रश्न विचारला तरी बऱ्याच चुका टळतात. मुलाच्या घरचं शिक्षण परीक्षेच्या आधीचं आहे, त्याने फोड करा. नववीतले गुण हे शाळेच्या शिकवण्याचाच परिणाम आहेत, त्याने फोड करून शाळांची तुलना केली तर शाळेचं काम किंवा तिची चूक त्यातच विरघळून जाते.

आता मागणी. निकालाच्या पानावर टक्केवारीशेजारी बसलेल्या मुलांची संख्या द्या, आणि नियमित, खासगी, पुनर्परीक्षार्थी हे तिन्ही आकडे द्या. ते तुमच्या हातातल्या पत्रकात असतातच. शाळेच्या निकालाची बातमी घेताना वार्ताहराने मुख्याध्यापकांना विचारावं की पाच वर्षांपूर्वी पाचवीत किंवा आठवीत किती मुलं होती आणि आज नियमित म्हणून किती बसली. विभागांची क्रमवारी द्यायचीच असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच विभागाशीही तुलना द्या, कारण स्वतःशी केलेल्या तुलनेत मिश्रण फार बदलत नाही. मृत्यूच्या, गुन्ह्यांच्या, अपघातांच्या बातमीत ‘किती जणांपैकी’ हे आल्याशिवाय वृत्तसंपादकाने प्रत पुढे सोडू नये. आणि मंडळाकडे, आरोग्य विभागाकडे तालुकावार, वयोगटवार तक्ते मागत राहा. मी मागितले तर एक अर्ज होतो. तुम्ही मागितले तर द्यावे लागतात.

मराठी वृत्तपत्रांत खेळाच्या पानाला क्रिकेटची सरासरी समजणारा माणूस असतो. कसोटीतली पन्नासची सरासरी आणि टी-ट्वेंटीतली पन्नासची सरासरी एक नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. घरच्या आणि परदेशातल्या खेळपट्ट्यांवरच्या धावा तो आपणहून वेगळ्या काढतो. तीच नजर पहिल्या पानाला मिळावी. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत संख्याशास्त्राचा विभाग आहे. बातमी लागण्याआधी अर्धा तास एखाद्या तक्त्याकडे पाहून द्यायला तिथले शिक्षक आणि एम.एस्सी.ची मुलं आनंदाने तयार होतील. माझ्या वर्गातली मुलं तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. येत्या निकालाच्या आदल्या आठवड्यात आमच्यापैकी कुणालाही बोलवा.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका